न नोंदलेल्या शिंका

उंदराची मान मोडायला एक पेन्सिल पुरते. ती मानेवर आडवी दाबायची आणि शेपटी धरून एकदाच मागे ओढायचं. नवखी माणसं कचरतात, अर्धवट ओढतात, मग उंदीर किंचाळतो. मावशीच्या हातून एकोणीस वर्षांत एकही किंचाळला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता आणि ती तो लपवतही नसे.

ॲलर्जीवर संशोधन करणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या तळघरात उंदरांचं प्राणिगृह होतं, तिथे ती कामाला होती. खिडकी नाही, हवा यंत्राने आत यायची, दिवेसुद्धा ठरल्या वेळी आपोआप लागायचे आणि विझायचे. आत जाताना कपडे बदलायचे, बाहेर येताना पुन्हा बदलायचे. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर प्लॅस्टिकचे पिंजरे, पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा आणि पांढरे उंदीर, एका वेळी दोन-अडीच हजार. संस्थेत तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे उंदीरमावशी. दोन्ही नावं तिला ठाऊक होती.

उंदराला आपणहून दमा होत नाही, तो करावा लागतो. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन आधी त्याच्या पोटात टोचायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा टोचायचं. मग काचेच्या पेटीत त्याच प्रथिनाचं धुकं सोडून त्यात त्याला अर्धा तास बसवायचं. त्याच्या श्वासनळ्या सुजतात, श्वास अडकू लागतो, आणि मग त्याच्यावर नवीन औषध करून बघता येतं. हे सगळं मावशी करायची. वरच्या मजल्यावरची शिकलेली माणसं तिच्या वेळा सांभाळून आपले प्रयोग लावत, कारण तिच्या हातचे उंदीर दमा बरोबर धरत. कधी कधी ती मांडणीसमोर नुसती उभी राहायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा. उद्यापर्यंत जातोय." आणि तो जायचा. घरी तिचं ऐकणारं फारसं कोणी नव्हतं. नवरा किल्ल्या बनवायचा आणि कानशीच्या आवाजात त्याला काही ऐकू यायचं नाही. खाली मात्र तिच्या शब्दाला वजन होतं.

तिच्याच वर्षी लंबू कामाला लागला होता. इतका उंच की छताच्या पाइपला रोज एकदा तरी डोकं आपटायचा आणि पाइपचीच माफी मागायचा. दोघांनी दहा वर्षं जोडीने भुसा बदलला. दहाव्या वर्षी लंबूला शिंका सुरू झाल्या. डोळे लाल, मनगटावर सुजलेल्या, खाजऱ्या गांधी, जिना चढताना धाप. उंदराच्या मुतात एक प्रथिन असतं, नरांच्या मुतात जास्त. ते भुशात वाळतं, धुळीबरोबर उडतं आणि नाकात जातं. प्राणिगृहात काम करणाऱ्या बऱ्याच जणांचं शरीर कधी ना कधी त्याच्यावर उलटतं. ज्याचं उलटलं त्याला खाली ठेवायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. लंबूने म्हणून तोंड मिटून ठेवलं होतं.

त्याच सुमाराला मुख्य मदतनिसाची एक जागा निघाली होती. उमेदवार दोघंच होते. मावशी एकदा व्यवस्थापकांना जिन्यात भेटली आणि हळहळत म्हणाली, "लंबूला जरा जपा हो. फार त्रास होतोय बिचाऱ्याला."

आठ दिवसांत लंबू बाहेर होता. त्याला धान्याच्या गोदामात हमालांची हजेरी घ्यायचं काम मिळालं. तिथेही उंदीर होतेच, फक्त करड्या रंगाचे.

मावशीची पाळी लंबू गेल्यावर सहा-सात वर्षांनी आली. आधी नाक सुरसुरायला लागलं. मग शेपटी जिथे घासायची तिथे हातावर लाल रेघ उठायला लागली. ती औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायची, सकाळी एक आणि दुपारी एक. दुकानदाराने पुढे एक निळा पंप दिला. छाती भरून आली की तोंडात धरून दाबायचा, की श्वासनळ्या चार-पाच तासांपुरत्या मोकळ्या होतात. नवऱ्याने तो पाहिला आणि म्हणाला, "रोज हवा भरायची वेळ आली म्हणजे टायर गेलाय तुझा. सोड ती नोकरी."

"आणि करू काय? तुझ्या किल्ल्या घासू?"

त्याने कानस उचलली. तिने पंप ब्लाउजमध्ये ठेवायला सुरुवात केली.

गोळ्यांनी शिंका दबल्या, पण आत शरीर रोज तयारी करत होतं. एका मंगळवारी एका नर उंदराने हातमोज्यातून तिच्या अंगठ्याला दात लावला. एरवी कोणी लक्षही दिलं नसतं. पण प्रथिन या वेळी सरळ रक्तात गेलं होतं. दोन मिनिटांत तळहात पेटले, ओठ सुजले, घसा बाहेरून कोणी दाबावा तसा मिटत आला. ती मांडणीचा आधार घेत खाली बसली, आणि मांडणीवरचे चार पिंजरे तिच्या अंगावर आले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम योगायोगाने खालीच होत्या. त्यांनी कपड्यावरूनच तिच्या मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन खुपसलं. हे काम त्यांनी चोख केलं. त्यांच्यामुळेच ती वाचली. मग सलाइनसाठी शीर सापडली तेव्हा त्या सहायकाला म्हणाल्या, "थांब. आधी दोन नळ्या रक्त घे. अशा वेळचं पुन्हा मिळणार नाही." मावशीला बोलता येत नव्हतं पण ऐकू येत होतं. तिच्या पायावरून उंदीर इकडून तिकडे पळत होते.

त्या रक्तात मॅडमना आजवर पाहिली नव्हती इतकी ॲलर्जी सापडली. मावशीला मुख्य फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. महिन्यातून दोनदा वरून बोलावणं यायचं आणि तिचं रक्त घेतलं जायचं. उंदराच्या ॲलर्जीची तपासणी नीट होते की नाही हे ताडून पाहायला ते वापरत. छोट्या बाटल्यांवर तिच्या नावाऐवजी एक आकडा असायचा. फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा, "मावशी, दूध घालायला निघालात वाटतं?" ती हसायची. लिफ्टमधून उंदरांचे पिंजरे वर जाताना दिसले की तिचे हात नुसतेच मांडीवर पडून राहायचे.

सात-आठ महिन्यांनी मॅडमनी तिला खोलीत बोलावून खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, आधी आम्ही सांगायचो, ज्याची ॲलर्जी आहे त्याच्यापासून लांब राहा. झालं. मग थोडं थोडं टोचून शरीराला सवय लावायला लागलो, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात. आता तिसरी वाट आहे. बाहेर तयार केलेल्या अँटिबॉडी आम्ही तुमच्या रक्तात सोडायच्या. उंदराचं प्रथिन आत आलं रे आलं की त्या त्याला धरून ठेवणार. तुमच्या शरीराला कळणारच नाही की कोणी आलं होतं."

"म्हणजे मला परत खाली जाता येईल?"

"तेच तर बघायचंय."

अकरा पानांवर तिने सही केली. वाचायला चष्मा घरी राहिला होता, आणि असता तरी तिने वाचलं नसतं.

औषध लागू पडलं. पहिल्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांनी त्यांनी तिच्या हातावर उंदराच्या अर्काचा थेंब टोचून पाहिला, तर साधा डाससुद्धा चावल्यासारखं दिसेना. मग तिला काचेच्या खोलीत बसवून वरून भुशाची धूळ सोडली. बाहेर दोघं जण घड्याळ धरून शिंका मोजायला उभे होते. एक तासात शिंका दोन. ती आत ताठ बसून होती. आपण पेट्यांत बसवलेल्या उंदरांची तिला आठवण झाली की नाही कोण जाणे, घरी आल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "पास झाले."

तिसऱ्या महिन्यात तिला खाली पाठवलं. रोज फक्त दोन तास, प्रयोगाचा भाग म्हणून. पण पिंजऱ्याचं झाकण उचलून तिने हात आत घातला आणि उंदीर बोटांत आला, तेव्हा तिचे डोळे भरले, आणि ते ॲलर्जीने नव्हे. दोनाचे चार तास झाले, चाराचे सहा. वरचे लोक पुन्हा तिच्या वेळा विचारायला लागले.

प्रयोगाला दमा नसलेली माणसं चालत नव्हती. उंदरांनीच आजारी पाडलेली हवी होती. मॅडमनी जुनी हजेरीपुस्तकं काढली आणि लंबूला शोधून आणलं. नऊ वर्षांनी तो दारात उभा राहिला, पाइपला डोकं आपटलं आणि म्हणाला, "हा अजून इथेच आहे का?" मावशीला बघून त्याने हात जोडले. "काय मुख्य मदतनीस? यावेळी जपायला सांगू नकोस हं कोणाला."

त्याला ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरला तसा तो हसला. "गंमत केली गं. कामाला लाग."

लंबूलाही तीच इंजेक्शनं दिली आणि तो पुन्हा खाली कामाला लागला. सहा महिन्यांनी दोघांचीही इंजेक्शनं संपली. मावशीला वाटलं, आता पुढचं सुरू होईल. तसं काही झालं नाही. सोमवारी आणि गुरुवारी एका नळीत फुंकायचं, लंबू तिला फुंकणी म्हणायचा, तेवढं चालू राहिलं. छातीतला जोर मोजून नर्स आकडा लिहायची, शिंका किती, खाज आहे का, विचारायची. पाचव्या आठवड्यात मावशीने नर्सच्या टेबलावरचा तक्ता पाहिला. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर आकडे. असे तक्ते तिने हजारदा पाहिले होते. औषध बंद केलेल्या उंदरांचा गट वेगळा ठेवतात. औषध किती दिवस पुरतं हे त्यातून कळतं, आणि पहिला उंदीर धापा टाकायला लागला की कळतं. ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

"आम्ही आजारी पडायची वाट बघताय तुम्ही?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नवव्या पानावर आहे ते, मावशी. तुम्ही सही केलीय."

"तोंडाने सांगितलं असतं तर?"

"तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही शिंक यायच्या आधीच शिंकला असतात." त्या चिडल्या नव्हत्या. "हे बघा, औषध परत देणं माझ्या हातात नाही. कंपनीचं ठरतंय. तुम्हा दोघांपैकी एकालाही त्रास सुरू झाला की इथली तपासणी बंद, आणि तुम्ही दोघंही वर. तोवर खाली काम करा की. तुम्हाला आवडतं ना?"

आवडत होतं, तीच तर अडचण होती.

अकराव्या आठवड्यात मावशीला पहिली शिंक आली. ती कपडे बदलायच्या खोलीत होती आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. तेराव्या आठवड्यात छातीत घरघर सुरू झाली. तिने जुना निळा पंप काढला. सोमवारी आणि गुरुवारी नर्सकडे जायच्या आधी ती दोनदा पंप ओढायची आणि गोळी घ्यायची. फुंकणीवर आकडा छान यायचा. गोळीमुळे हातावर गांध उठायची नाही. औषधाने काय झाकलं जातं आणि किती वेळ, हे तिच्याइतकं वरच्या मजल्यावरही फार थोड्यांना माहीत होतं.

तिकडे मॅडम हरखून गेल्या. रक्तातलं औषध तर कधीच संपलं होतं, तरी ही बाई शिंकत नव्हती! म्हणजे औषधाने शरीराला काहीतरी कायमचं शिकवलं होतं. त्यांनी दोन परिषदांमध्ये मावशीचा तक्ता दाखवला. कंपनीची माणसं येऊन मावशीशी हात मिळवून गेली.

पंधराव्या आठवड्यात दोघं समोरासमोर भुसा बदलत होते. लंबू पिंजरा उचलायचा, ठेवायचा आणि मधेच मांडणीला हात लावून उभा राहायचा. मावशीला डोळे मिटायचीही गरज नव्हती. तो श्वास सोडताना शेवटी बारीक शीळ वाजत होती.

"तुला काही होतंय का गं?" त्याने विचारलं. "इंजेक्शन बंद झाल्यापासून?"

"छे. मला काय धाड भरलीय."

"नाही, सहज विचारलं." त्याने घाम पुसला. "मलाही काही नाही. सर्दी झालीय जरा."

त्याला वाटलं, ही ठणठणीत आहे म्हणजे औषध टिकलंय, आपल्याला झालीय ती खरंच सर्दी असेल. आणि नसली, तरी पुन्हा आपल्याच एकट्याच्या शिंकेने सगळं बंद पडायला नको. तो नर्सला दर वेळी "काही नाही" सांगायचा, आणि फुंकणीवर आकडा घसरला की "रात्री झोप नाही झाली" म्हणायचा. नर्सही ते लिहून घ्यायची. शेजारच्या बाईचा आकडा उत्तम होता ना.

मावशीला त्याची शीळ दर आठवड्याला ऐकू येत होती. सोळाव्याला, अठराव्याला, एकविसाव्याला. ती नर्सला सांगू शकत होती. सांगितलं असतं तर दोघंही वर गेले असते, ती फाटकावर आणि तो गोदामात. ती स्वतःला म्हणायची, त्याने मला बजावलंय, कोणाला सांगू नकोस.

बाविसाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी साडेदहाला, लंबू नरांच्या खोलीत भुशाचं पोतं रिकामं करत होता. पोतं खालून उसवलं आणि वापरलेल्या भुशाची धूळ खोलीभर उडाली. मावशी दारात होती. लंबू आधी वाकला, मग गुडघ्यांवर आला, मग मान वर करून तोंड उघडं ठेवून राहिला. आवाज नव्हता. शीळ वाजायलाही हवा आत जावी लागते.

पंप तिच्या ब्लाउजमध्ये होता. तो काढायचा म्हणजे सगळ्यांसमोर काढायचा. मागून दोघं जण धावत येत होते. तिने किती वेळ लावला हे तिने पुढे कोणालाही नीट सांगितलं नाही. एकदा म्हणाली लगेच, एकदा म्हणाली मास्क शोधत होते. शेवटी तिने पंप काढला, त्याच्या ओठांत खुपसला आणि दाबला, पुन्हा दाबला, पण ओढून घ्यायला त्याच्यात श्वासच उरला नव्हता. ॲड्रेनलिन वरून खाली यायला सहा मिनिटं लागली.

लंबू मेला नाही. हृदय चालू झालं, यंत्रावर अठरा दिवस काढून तो जागा झाला. पण त्या मिनिटांत मेंदूला हवा मिळाली नव्हती. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणं गेलं.

लंबू कोसळला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅडमनी मावशीला खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"पंप लंबूच्या खिशात सापडला, असं त्यात आहे. मागून आलेल्या दोघांना तुमची पाठच दिसली. सही करा."

"तो माझा आहे."

"मला माहितीय. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही वाकलात तेव्हा दिसला होता मला." मॅडम खिडकीकडे बघत होत्या. "मी तेव्हा विचारलं नाही. आता तुम्ही सांगू नका. तुमच्या चार शिंकांसाठी मी सहा वर्षांचं काम जाळायचं का? तुम्ही खोटं बोललात असं निघालं तर तुम्हाला उद्या या इमारतीत पाऊल ठेवता येणार नाही. त्याचं तर झालंच आहे जे व्हायचं ते."

मावशीने सही केली. या वेळी चष्मा होता आणि तिने वाचूनच केली. त्या कागदामुळे असं ठरलं की लंबूने त्रास लपवला, चोरून पंप वापरला, प्रयोगाचा नियम मोडला, आणि म्हणून त्याच्या उपचारांची जबाबदारी संस्थेवर नाही. त्याच्या नोंदी बाद धरल्या, म्हणून तपासणी बंद पडली नाही आणि मावशी खालीच राहिली. लंबूला घरी पाठवलं. त्याच्या वस्तू एका पिशवीत भरून दिल्या. कपडे, डबा, चष्मा आणि निळा पंप.

महिनाभराने लंबूची बायको फाटकावर आली. शिवणकामाच्या कारखान्यात कामाला जाणारी, बोटांना सुया टोचलेली, कमी बोलणारी बाई. मावशीला खाली निरोप गेला. ती वर आल्यावर बायकोने पिशवीतून पंप काढला.

"हा आमचा नाही. ह्यांच्याकडे असलं काही असतं तर मला दिसलं असतं, कपडे मी धुते. तुम्ही त्या वेळी तिथेच होतात ना? कुणाचा आहे हा?"

"त्याचाच," मावशी म्हणाली.

बायकोने तिच्याकडे बघितलं, पंप पिशवीत ठेवला आणि गेली.

त्यानंतर मावशी अकरा दिवस कामावर गेली. तिची शिंक आता गोळीने थांबत नव्हती, पण कोणी विचारत नव्हतं; तिचा तक्ता छापायला गेला होता आणि त्या तक्त्याच्या भरवशावर पुढच्या टप्प्यात इतर शहरांतल्या रुग्णांना दोन इंजेक्शनांत सहा-सहा महिन्यांचं अंतर ठेवायचं ठरलं होतं. हे तिला नर्सकडून सहज कळलं. नर्स कौतुकाने म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे लोकांच्या टोचण्या वाचल्या." बाराव्या दिवशी मावशीने सुट्टी टाकली आणि पत्ता विचारत लंबूच्या घरी गेली.

दोन खोल्या, आतल्या खोलीत खिडकीशी खाट. लंबू त्या खाटेत मावत नव्हता, पाय स्टुलावर ठेवले होते. नाकात ऑक्सिजनची नळी होती. बायको शिलाई मशीनवर होती. मावशी उभ्यानेच बोलली. पंप माझा. मला तुझ्याआधी त्रास सुरू झाला. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. तुझी छाती वाजत होती ती मला ऐकू येत होती, पंधराव्या आठवड्यापासून. कागदावर सही मी केली.

जिन्यातल्या व्यवस्थापकांचीही गोष्ट ती सांगणार होती, पण ती तर त्याला माहीतच होती.

लंबूला बोलता येत नसलं तरी समजत सगळं होतं. त्याचं तोंड डाव्या बाजूने हललं. "जा," तो म्हणाला.

ती दाराकडे वळली.

"बसा," मशीन न थांबवता बायको म्हणाली. "तेवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. पाणी हवं तरी जा, पांघरूण हवं तरी जा." तिने दोरा तोडला. "आता म्हणाले ते खरंच जा असेल. पण तुम्ही बसा. हे सगळं लिहून द्या, माझ्यासमोर."

मावशीने लिहून दिलं. तो कागद चौकशी समितीकडे गेला. समितीने चार महिने घेतले. मावशीला कामावरून काढलं. लंबूच्या उपचारांचा भार संस्थेने उचलला. मॅडमना लेखी समज मिळाली आणि वर्षभराने त्या दुसऱ्या, याहून मोठ्या संस्थेत गेल्या. छापलेल्या लेखाखाली एक ओळ आली, की एका सहभागी व्यक्तीच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत. सहा महिन्यांचं अंतर रद्द झालं, ते कोणाला त्रास व्हायच्या आत झालं की नंतर, हे मावशीला कोणी कळवलं नाही. औषध पुढे गेलंच नाही. समितीच्या शेवटच्या बैठकीत कंपनीच्या माणसाने कारण सांगितलं होतं. आता ते मांजरांच्या ॲलर्जीकडे वळले होते. "मांजर पाळणारे कोट्यवधी आहेत," तो म्हणाला होता. "उंदीर कोण पाळतं?" एक-दोघं हसले होते.

लिहून देण्याने भागलं नाही. त्याच दिवशी, मावशी चपला घालत असताना, लंबूची बायको म्हणाली होती, "गुरुवारी माझी कारखान्यात पूर्ण पाळी असते. यांच्याजवळ बसायला कोणी नाही. तुम्ही यायचं. दर गुरुवारी." विनंती नव्हती ती. मावशीने "किती दिवस?" विचारलं नाही.

उंदरांपासून लांब गेल्यावर तिचा स्वतःचा दमा खूपच ओसरला. ती आता एका दवाखान्याच्या चादरी धुते. जिना चढताना धाप लागत नाही, गोळी महिनोन् महिने लागत नाही. नवरा म्हणतो, "बघ, मी आधीच सांगत होतो," आणि कानस घासायला लागतो.

दोन वर्षं झाली, ती दर गुरुवारी जाते. नळी साफ करते, लंबूला कुशीवर वळवते, यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा तासातासाला वहीत लिहिते. संध्याकाळी आल्यावर बायको आधी वही बघते आणि आकडे जुळवते. परवा लंबू म्हणाला, "जा." तिने पाणी आणलं. त्याने ओठ मिटले. "जा." तिने पांघरूण नीट केलं, उशी वर केली, खिडकी उघडली. तो तिच्याकडे बघत राहिला. "जा," तो पुन्हा म्हणाला, हळू, अगदी स्पष्ट.

बायको यायला अजून तीन तास होते. मावशी स्टुलावर बसली आणि वहीत अडीचचा आकडा लिहिला.